सेल्फ ट्रान्सफर तिकीट: माणूस पोचतो, पेटीचं बघा

स्वस्त विमान तिकिटं शोधून देणाऱ्या पोर्टलवर हा प्रकार हल्ली सर्रास दिसतो. दोन विमान कंपन्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो, पण पोर्टल त्यांची दोन तिकिटं शेजारी शेजारी ठेवून एकच प्रवास असल्यासारखी तुमच्यापुढे मांडतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं, म्हणजे मधे सामान घेऊन दुसऱ्या विमानाकडे तुमचं तुम्ही जायचं. वर थोडे पैसे भरले की दुसरं विमान चुकलं तर पोर्टल बघेल, अशी ‘कनेक्शन गॅरंटी’ही मिळते. मी दोन्ही घेतलं आणि जाताना-येताना दोन्ही वेळा वापरलं. हा रिव्ह्यू फक्त सामानाच्या अंगाने आहे. सीट किती मागे जाते आणि जेवण कसं होतं, हे सांगणारे पुष्कळ जण आहेत.

माझं काम नाटकांच्या प्रकाशयोजनेचं. दिवे जिथे प्रयोग असेल तिथले मिळतात, पण कंट्रोलर, केबल, क्लॅम्प आणि जिलेटिनच्या रंगीत फिल्म माझ्या मला लागतात. ते सगळं एका कडक कवचाच्या पेटीत जातं आणि पेटी तेवीस किलोच्या जरा अलीकडे थांबते. ही पेटी केबिनमध्ये जाणं शक्य नाही. त्यामुळे तिकीट कितीही स्वस्त असलं तरी माझा पहिला प्रश्न एकच असतो: मधल्या विमानतळावर ही पेटी कोण उचलणार?

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. फक्त केबिन बॅग असेल तर हे तिकीट खुशाल घ्या. चेक-इन सामान असेल तर पुढचं वाचून मग ठरवा. आणि त्या सामानावाचून दुसऱ्या दिवशी तुमचं काम अडणार असेल तर घेऊ नका.

पैसे भरल्यावर पोर्टलकडून एक ईमेल आली, पण तिच्यात पीएनआर दोन. याचा अर्थ पोर्टल सरळ सांगत नाही. दोन पीएनआर म्हणजे दोन वेगळे करार. पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास मधल्या शहरात संपला. दुसरीच्या लेखी तो तिथे सुरू होतो, आणि तिथवर तुम्ही विमानाने आलात की पायी, याच्याशी तिला कर्तव्य नाही. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. इथे दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, एवढंच घडतं. ‘नो शो’ची नोंद होते, आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमांप्रमाणे त्याच तिकिटावर पुढचा किंवा परतीचा टप्पा असेल तर तोही रद्द होतो. दोन्ही बाजूंची तिकिटं जोडून घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सामानाचा निकाल मात्र त्याच्याही आधी लागतो, पहिल्या काउंटरवर, पेटीच्या कडीला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर. त्या टॅगवर दहा आकडी नंबर असतो. पहिल्या आकड्यानंतरचे तीन आकडे कंपनीचे, शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. शिवाय जिथे बॅग जायची त्या विमानतळाची तीन अक्षरं ठसठशीत छापलेली असतात. विमानतळाच्या पोटातली सामान वाटणारी यंत्रणा बारकोड वाचते आणि कंपनीने पाठवलेल्या संदेशाशी ताडून पाहते. त्या संदेशात तुमचं दुसरं विमान नसेल तर यंत्रणेच्या लेखी ते नाहीच. बॅग मुकाट्याने बाहेरच्या बेल्टवर येते. खिशात पुढचा बोर्डिंग पास असला तरी त्याने बॅगेला काही फरक पडत नाही.

मी काउंटरवरच्या मुलीला दुसरा पीएनआर दाखवला आणि पेटी शेवटपर्यंत टॅग होईल का विचारलं. विचारायला पैसे पडत नाहीत. तिने मनापासून शोधलं, शेजारच्या सहकाऱ्यालाही विचारलं. पण त्या दोन कंपन्यांत इंटरलाइन करार नव्हता. एकीने घेतलेलं सामान दुसरीच्या विमानात चढवायचं आणि हिशेब आपसांत मिटवायचा, असा तो करार असतो. तो नसेल तर काउंटरवरच्या माणसाच्या हातात काही नसतं, त्याच्याशी हुज्जत घालू नये. करार असला तरी खात्री नाहीच. वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या आघाडीने २०१६ मध्ये वेगळ्या तिकिटांवरचं सामान शेवटपर्यंत पाठवण्याचं बंधन सदस्य कंपन्यांवरून काढून टाकलं. तेव्हापासून एकाच आघाडीतल्या कंपन्यांतही कोण हो म्हणेल आणि कोण नाही, ते ज्याच्या त्याच्या धोरणावर आहे. स्वस्त विमान कंपन्यांचा तर धंदाच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडण्याचा. ईझीजेट, रायनएअर यांच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

पोर्टलच्या चॅटवर हाच प्रश्न मी आधी विचारला होता. ‘हे विमान कंपनीवर अवलंबून आहे’ असं उत्तर आलं. दोन्ही कंपन्यांची नावं पोर्टलला ठाऊक होती, तिकिटं त्यानेच जोडली होती. करार आहे की नाही हे त्याला सांगता येत नसेल तर मला कोण सांगणार? इथे माझ्याकडून एक तारा कमी.

आता लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा. पानावर पावणेचार तास दिसत होते, म्हणजे ऐसपैस. पण चेक-इन सामान असलेल्याने विमान सुटण्याची वेळ धरायचीच नाही, बॅग ड्रॉप, म्हणजे सामान देण्याचा काउंटर, बंद होण्याची वेळ धरायची. माझ्या दुसऱ्या कंपनीचा बॅग ड्रॉप एक तास आधी बंद होतो, काहींचा चाळीस मिनिटं आधी. म्हणजे उरले पावणेतीन तास. विमान टेकल्यापासून दार उघडून बाहेर पडेपर्यंत पंचवीस मिनिटं, इमिग्रेशनची रांग पन्नास, बेल्टवर पेटी दिसेपर्यंत पस्तीस. हाती राहिली पंचावन्न मिनिटं. त्यात कस्टम्स, वरचा मजला, कदाचित दुसरं टर्मिनल आणि पुन्हा रांग. पहिलं विमान तासभर उशिरा आलं असतं तर गणित तिथेच संपलं होतं. विमानतळांवर ‘किमान कनेक्शन वेळ’ म्हणून जो आकडा सांगतात तो एकाच तिकिटावरच्या प्रवाशांसाठी असतो. त्यांची बॅग खालून खालून जाते, माणूस वरून वरून. आपल्याला तो आकडा लागू नाही.

लेओव्हर फार मोठा असला तरी अडचण आहेच. बरेच बॅग ड्रॉप विमानाच्या दोन-तीन तास आधीच उघडतात. दहा तासांचा लेओव्हर घेतलात तर सहा-सात तास पेटी तुमच्या पायाशी. सामान ठेवण्याची खोली आहे का, रात्री उघडी असते का, हे आधी बघून ठेवा. नाहीतर प्रसाधनगृहातही पेटीसकट जावं लागतं.

याहून मोठी गोष्ट व्हिसाची. बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे बॅग घ्यायची तर त्या देशात प्रवेश करावाच लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा (त्यांचा व्हिसा सामाईक असतो) ए प्रकारचा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागात थांबण्यापुरता आहे, त्यावर बेल्टपर्यंत जाता येत नाही. तिथे सी प्रकारचा, म्हणजे अल्प मुक्कामाचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्येही बाहेर न पडता विमान बदलण्याचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा आणि सीमा ओलांडण्याचा वेगळा. अमेरिकेत तर एक तिकीट असलं तरी साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन, कस्टम्समधून काढून, पुन्हा द्यावी लागते. अपवाद आहेत, उदाहरणार्थ डब्लिन किंवा अबू धाबीसारख्या ठिकाणी अमेरिकेची तपासणी आधीच उरकलेली असेल तर. माझ्या पोर्टलने व्हिसाबद्दल एक ओळ लिहिली होती: ‘प्रवासी कागदपत्रांची जबाबदारी तुमची.’ दुसरं तिकीट असून बॅग मधे उतरणार, म्हणून कोणता व्हिसा बघायचा, याचा उल्लेखही नाही. आणखी अर्धा तारा गेला.

आता चांगलं ते सांगते, कारण जातानाचा अनुभव खरंच चांगला होता. मधल्या विमानतळावर बॅगेज हॉलमध्येच, कस्टम्सच्या अलीकडे, सेल्फ ट्रान्सफर प्रवाशांसाठी एक काउंटर आहे. बेल्टवरून पेटी उचलायची आणि वीस पावलांवर पुन्हा देऊन टाकायची. ही कल्पना नवी नाही. लंडनच्या गॅटविकने ‘गॅटविक कनेक्ट्स’ नावाने आणि मिलानच्या माल्पेन्साने ‘व्हियामिलानो’ नावाने ती रुजवली. २०१७ मध्ये ईझीजेटने गॅटविकवर ‘वर्ल्डवाइड बाय ईझीजेट’ सुरू केलं तेही याच व्यवस्थेच्या खांद्यावर, आणि तिकिटं जोडण्याचं तंत्र आइसलँडच्या डोहॉप कंपनीचं. मी गेले त्या काउंटरवर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही पीएनआर पाहिले, पेटी तोलली, नवा टॅग लावला, जुना टॅग कात्रीने कापून माझ्या हातात दिला आणि त्याच्या पावत्या जपून ठेवायला सांगितलं. जुना टॅग पेटीवर राहिला की वाचणाऱ्या यंत्राचा गोंधळ होतो, हे बऱ्याच प्रवाशांच्या गावी नसतं. हौसेने जुने टॅग जमवून फिरणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. तिथून थेट सुरक्षा तपासणीकडे जाणारी वाट होती. वरच्या मजल्यावरची गर्दी मला दिसलीसुद्धा नाही.

फक्त एक अट: दुसरी कंपनी त्या काउंटरच्या यादीत असली पाहिजे. यादी विमानतळाच्या संकेतस्थळावर असते, पोर्टलवर नसते. तिकीट घेण्याआधी ती बघा.

येताना मात्र पेटीच आली नाही.

विमान वेळेवर टेकलं होतं. बेल्ट फिरत राहिला, माणसं पांगली, शेवटी पडद्यावर ‘शेवटची बॅग’ अशी पाटी आली. आता दोन गोष्टी एकदम करायच्या होत्या: पेटी हरवल्याची तक्रार लिहायची आणि दुसरं विमान पकडायचं. तक्रार न लिहिता हॉलबाहेर पडलं की पुढे आपलं म्हणणं सिद्ध करणं जड जातं, म्हणून मी रांगेत थांबले. प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, सगळे पीआयआर म्हणतात तो, हाती पडला तेव्हा दुसऱ्या विमानाचं गेट बंद झालेलं होतं. त्यावरचा नंबर वर्ल्डट्रेसर या यंत्रणेत टाकला की बॅग कुठवर आली ते दिसतं. माझी पेटी निघालीच नव्हती.

मग मी पोर्टलला गॅरंटीची आठवण करून दिली. उत्तर तत्परतेने आलं, ते मान्य करते. गॅरंटी पहिल्या विमानाला उशीर झाला, ते रद्द झालं किंवा वेळापत्रक बदललं तरच लागू. विमान वेळेवर आलं होतं. बेल्टवर आणि तक्रारीच्या रांगेत गेलेला वेळ त्यांच्या यादीत नाही. पेटी असती तर ती पुन्हा देऊन विमान पकडलं असतं. पेटी नव्हती म्हणूनच विमान गेलं, आणि नेमका हाच प्रसंग गॅरंटीत बसत नाही! अटींमध्ये ते लिहिलेलं आहे, फसवणूक नाही. पण जे उत्पादन ‘बॅग तुम्ही स्वतः घ्या’ असं सांगून विकलं जातं, त्याच्या गॅरंटीत बॅग हा शब्दच नसावा, याला काय म्हणायचं. पुढचं तिकीट मी माझ्या पैशाने काढलं.

दुसरा गुंता घरी पोचल्यावर कळला. पहिल्या कंपनीचा करार मधल्या शहरापर्यंतचा. पेटी तिथपर्यंत आणून दिली की तिचं काम कायद्याने झालं. एकाच तिकिटावर असते तर पेटी माझ्या शेवटच्या विमानतळावर, बहुतेक घरीसुद्धा आली असती. इथे ती ‘रश’ टॅग, म्हणजे मागे राहिलेल्या बॅगेला लावतात तो तातडीचा टॅग, लावून मधल्या शहरात आली आणि तिथे पडून राहिली. फोन, मेल, किल्लीची चौकशी, आतल्या सामानाची यादी, असं सगळं झाल्यावर कंपनीने ती पुढे पाठवली. उपकार म्हणूनच, आणि मी आभारही मानले. पीआयआर भरताना मी शेवटचा पत्ता आणि पुढच्या विमानाचा नंबर लिहायचा आग्रह धरला होता, त्याचा इथे उपयोग झाला.

पेटीचा एक कोपरा चेपला होता. त्यासाठी १९९९ चा माँट्रियल करार कामी येतो: मोडतोड झाली असेल तर सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार, उशीर झाला असेल तर एकवीस दिवसांत, आणि एकवीस दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा दर रोज बदलतो. वेगळ्या तिकिटांवर मात्र एक पाचर बसते. दोन्ही विमानांतून गेलेली बॅग शेवटी फुटलेली निघाली तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवू शकतात, कारण प्रवास दोन वेगळे आहेत. म्हणून मधल्या बेल्टवरून पेटी उतरवली की तिचे चारही बाजूंनी फोटो काढा. माझ्या बाबतीत दुसरी कंपनी चित्रात नव्हती, त्यामुळे वाद झाला नाही आणि दुरुस्तीचे पैसे मिळाले.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग हे तिकीट टाकाऊच. तसं माझं मत नाही. सिटा ही विमानतळांची यंत्रणा पुरवणारी कंपनी दरवर्षी सामानाचे आकडे काढते. २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा मोडल्या, आणि उशिरा पोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या विमान बदलताना रखडलेल्या होत्या. सेल्फ ट्रान्सफरमध्ये ती बदली तुम्ही स्वतःच्या हाताने करता. पेटी मधे एकदा डोळ्यांना दिसते. पुरेसा वेळ हाती असेल तर हा फायदा खराच आहे, आणि बॅगेज हॉलमधला काउंटर असेल तर दुप्पट.

बारीकसारीक गोष्टी एका दमात सांगते. दुसऱ्या कंपनीची वजनमर्यादा वेगळी असते. तेवीस किलोवाल्याला पुढे वीस किलोची कंपनी भेटली की फरकाचे पैसे तिथेच, रांग मागे ताटकळत असताना. दोन्हींतली कमी मर्यादा धरूनच पेटी भरा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवायच्या, आणि पेटी मधे उघडायची वेळ आली तरी त्या पेटीत सरकवायच्या नाहीत. उलट ड्युटी फ्रीमधली बाटली मधल्या मुक्कामी पेटीत घालता येते, नाहीतर पुढच्या तपासणीत ती जाऊ शकते. पोर्टल कधी कधी विमानतळच बदलतं: उतरायचं गॅटविकला, चढायचं स्टॅन्स्टेडला. पानावर दोन्हीकडे ‘लंडन’ लिहिलेलं असतं, तीन अक्षरं वाचा. पेटी कुठे आहे ते फोनवर दाखवणारा ट्रॅकर तिच्यात ठेवा. माझी पेटी निघालीच नाही, हे ट्रॅकर बघायची सवय असती तर तक्रारीच्या काउंटरवरच्या बाईच्या आधी मला कळलं असतं, असं आमचा ध्वनिसंयोजक मला अजून ऐकवतो.

पर्याय आहेत. काही स्वस्त कंपन्या आपल्याच दोन विमानांची जोडणी एका बुकिंगवर विकतात आणि बॅग शेवटपर्यंत नेतात. एअरएशियाची ‘फ्लाय-थ्रू’ आणि स्कूटची ‘स्कूट-थ्रू’ ही त्याची उदाहरणं. भाडं थोडं वाढतं, पण इमिग्रेशन आणि बेल्ट दोन्ही वाचतात.

गॅरंटीपायी आणखी एक तारा कापून पोर्टलला मी पाचपैकी अडीच तारे दिले, बॅगेज हॉलमधल्या काउंटरला साडेचार. रिव्ह्यूच्या खाली सूचनांची चौकट होती. तिच्यात लिहिलं की लेओव्हरच्या शेजारी बॅग ड्रॉप उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ छापा, आणि हॉलमधल्या काउंटरच्या यादीत दुसरी कंपनी आहे की नाही तेही. सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचं उत्तर आलं आहे. पुढच्या दौऱ्यात पेटी एकाच तिकिटावर जाईल, आणि प्रयोग संपल्यावर ती गटाच्या ट्रकने परत येणार असल्यामुळे येताना मी सेल्फ ट्रान्सफरच घेतलं आहे, फक्त केबिन बॅगेवर.